पानाच्या कडेची रेघ

सोमवारी गॅलरीत दोन खुर्च्या होत्या आणि गुरुवारी एकच उरली. खऱ्या गॅलरीतून काही हललं नव्हतं. तिथं आमच्या दोन्ही वेताच्या खुर्च्या जागच्या जागी होत्या, माझ्या खुर्चीचं बूड जरा खचलेलं, नीलाच्या खुर्चीवर उशी. दुसरी खुर्ची गेली ती नीलाच्या लिखाणातून. नीला माझी बायको. रोज सकाळी साडेसहाला ती सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारायला जाते, सव्वासातला परत येते, आणि मधल्या पाऊण तासात मी तिचं पुस्तक वाचतो. लपून, असं कुणी म्हणेल, पण पुस्तक मुळात माझं आहे. मीच विकत आणलेलं, 'नव्वद दिवसांत लिहिते व्हा' छापाचं, इंग्रजी, कव्हरवर पेनाचं पाखरू होऊन उडालेलं. रोज एक प्रश्न आणि खाली उत्तरासाठी दहा रिकाम्या ओळी. त्या ओळींत ती पेन्सिलीनं मराठीत लिहिते. तेविसाव्या दिवसाचा प्रश्न होता: पाच वर्षांनंतरची तुमची सकाळ डोळे मिटून पाहा आणि लिहा. सोमवारी तिनं लिहिलं होतं, ‘गॅलरीत दोन खुर्च्या आहेत. तुळशीला पाणी घालून झालंय. खाली ऑफिसच्या कॅबची रांग लागली आहे. मी चहाचा कप कठड्यावर ठेवते. मला कसलीच घाई नाही.’ गुरुवारी तेच सगळं होतं, फक्त पहिल्या वाक्यात ‘एक खुर्ची आहे’. खोडलेल्या जागी कागद जरा भुसभुशीत झाला होता. मी पान उजेडाकडे धरलं तर खाली ‘दोन’चा काना-मात्रा अजून दिसत होता. मग खालून लिफ्टचा आवाज आला आणि मी पुस्तक होतं तसं, पाखरू भिंतीकडे करून, ठेवून दिलं.

दुसरा कुणी असता तर त्याला हा बदल दिसलाही नसता. मला दिसला, कारण बदल दिसणं हीच माझी नोकरी होती. पुण्याहून इथं बेंगळुरूला आलो तो सत्त्याऐंशी साली, एका सरकारी कारखान्यात, आणि तेहेतीस वर्षं मॅन्युअलं लिहिली. कॉम्प्रेसर कसा उघडावा, कसा पुसावा, कसा पुन्हा बसवावा. मॅन्युअलची सुधारित आवृत्ती निघाली की जिथं जिथं मजकूर बदलला असेल तिथं पानाच्या कडेला उभी काळी रेघ द्यायची असते. चारशे पानं मेकॅनिक पुन्हा वाचत बसत नाही, तो रेघा बघतो. आणि ज्यानं मूळ मजकूर लिहिला त्यानं प्रत्येक रेघेशेजारी बारीक टिक करायची, म्हणजे बदल पाहिला, कळला, मान्य आहे. टिक नसेल तर पान पुढं सरकत नाही. काम संपत नसे तेव्हा मी ती पानं घरी आणायचो आणि डायनिंग टेबलावर पसरायचो. नीला ताटं घेऊन उभी राहायची आणि मी म्हणायचो, एवढ्या चार रेघा होऊ देत.

रिटायर झाल्यावर सगळ्यांना वाटलं मी आता लिहीन. मलाही वाटलं. नोकरीत लिहिलेल्या एकाही पानावर माझं नाव नव्हतं, तेव्हा आता नावाचं काहीतरी लिहावं. त्यासाठी पुस्तकं आणली, एकूण अकरा. कथा कशी लिहावी, कादंबरीचा सांगाडा कसा उभारावा, सकाळी उठून मनातला कचरा कागदावर कसा ओतावा, स्वतःमधला लेखक कसा जागा करावा. सगळी वाचली, खुणा केल्या, कार्डं केली. आणि जितकी वाचली तितका माझा संशय वाढत गेला. ह्यातली एकही कृती कुणी करून पाहिलेली दिसत नाही. अमुक करा म्हणजे तमुक होईल असं छातीठोक लिहिलेलं, पण लागणारी हत्यारं दिलेली नाहीत, किती वेळ लागेल ते नाही, चुकलं तर काय दिसेल ते नाही. धोक्याची सूचना तर एकातही नाही. आमच्याकडं असं मॅन्युअल कुणी दारात उभं केलं नसतं. माझ्याकडं एक जाड वही आहे, पहिल्या पानावर तारीख घातलेली, पुढं काही नाही. आमच्या मॅन्युअलांत अशा पानावर छापत असू, ‘हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे.’ तसं छापलं की निदान वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

अकरापैकी एक पुस्तक नीलानं एके दिवशी फडक्यानं पुसता पुसता उघडलं आणि आत घेऊन गेली. विचारलं नाही. मीही म्हटलं, आठवड्यात कंटाळेल. तिला चिकाटी नाही, हे माझं जुनं मत. त्याला कारण आहे. अठ्ठ्याऐंशी साली कॉलनीच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी तिनं एक गोष्ट लिहिली होती. नवी नवरी, भाषा कळत नाही, बाजारात कोथिंबीर आणायला जाते आणि रस्ता चुकते. बरी होती. मी तपासून दिली. लाल शाईनं एक्केचाळीस दुरुस्त्या, वर एक स्वतंत्र कागद, त्यात क्रमवार शेरे. ‘बाजाराचे घरापासूनचे अंतर दिलेले नाही. कोथिंबीर शेवटी मिळाली किंवा कसे, याचा उल्लेख नाही.’ मी मन लावून केलं होतं, रविवारचा अख्खा दिवस गेला त्यात. तिनं कागद घेतला, ‘बरं’ म्हणाली, आणि ती गोष्ट स्मरणिकेत आलीच नाही. पुन्हा कधी काही लिहिलंही नाही. मी म्हटलं, बघा, चार दुरुस्त्या सुचवल्या तर उत्साह मावळला.

पण ह्या वेळी आठवडा गेला, दुसरा गेला, आणि पेन्सिल थांबेना. शनिवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ह्या पुस्तकवाल्यांचा एक गट जमतो तिथंही ती जायला लागली. मग मी वाचायला लागलो. नवव्या दिवशी पुस्तकानं सांगितलं होतं, तुमच्या आतला टीकाकार कोण ते ओळखा, त्याचा चेहरा काढा, आणि त्याला खोलीबाहेर पाठवा. नऊ ओळी मोकळ्या सोडून तिनं फक्त एवढं लिहिलं होतं, ‘ओळखीचा आहे.’ मी बराच विचार केला. तिचे वडील कडक होते. शाळेत कुणी गणिताच्या बाई होत्या, त्यांचं नाव ती घेत असे. दोघांपैकी कोण असावं हे मी दोन दिवस घोळवत होतो.

आता ह्या खुर्चीचं मी गुरुवारभर आमच्या पद्धतीनं केलं. बिघाड दिसला की शक्यता मांडायच्या आणि एकेक खोडत जायचं. पहिली शक्यता, मी पाच वर्षांत नसेन. गेल्या महिन्यात माझ्या हृदयाची तपासणी झाली होती आणि रिपोर्ट आणायला ती एकटीच गेली होती. दुपारी ती झोपली तेव्हा मी फाईल काढून रिपोर्ट वाचला, पान क्रमांक सलग आहेत ना तेही पाहिलं. सगळं ठीक होतं. तरी वाटलं, डॉक्टर तोंडी काही बोलले असतील. म्हणून पुण्याला मुलाला, मकरंदला, फोन लावला. ‘आई काही म्हणाली का तुला?’ असं विचारलं तर तो म्हणाला, ‘कशाबद्दल? बाबा, तुम्ही ठीक आहात ना? मी मीटिंगमध्ये आहे.’ त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, कंटाळा होता. दुसरी शक्यता, ती जाणार. मकरंदकडं म्हणा, नाहीतर कुठंही. पण गॅलरी ह्याच घरातली होती, खाली आमच्या व्हाइटफील्डच्याच कॅब होत्या, तुळसही हीच. म्हणजे ती इथंच होती. मग मी कुठं होतो? ह्या जागी आलो की छातीत काहीतरी आवळायचं, आणि रिपोर्ट तर नुकताच वाचला होता.

शुक्रवारी लिफ्टमध्ये जमनाबाई भेटल्या. त्या पाचव्या मजल्यावर राहतात, त्यांचं घराणं तीनशे-चारशे वर्षांपासून इथंच, मराठी बोलतात ती निम्मी कन्नड. शनिवारच्या गटात त्याही असतात. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय चालतं तुमचं शनिवारी? ‘काय चालायचं अण्णा, ल्हितो आनि वाचतो. ती यशश्री म्हनून पोर हाय, ती घड्याळ लावती. नीलाअक्का लई छान ल्हितात हं. गेल्या शनिवारी त्यांनी ते खुर्चीचं वाचलं, मला तर रडू आवरंना.’ मी म्हटलं, खुर्चीचं? ‘तुमाला न्हाई दाखिवलं?’ त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि एकदम पिशवीत किल्ली शोधू लागल्या. ‘असू दे, दाखिवतील. स्वल्प सरका अण्णा, माझा मजला आला. सरी, येते.’ दार बंद झालं आणि मी सातव्याऐवजी तसाच वर, अकराव्यापर्यंत गेलो. म्हणजे लोकांना माहीत होतं. आठ-दहा माणसं क्लबहाउसमध्ये वर्तुळ करून बसली होती आणि माझी खुर्ची काढल्याचं ऐकून डोळे पुसत होती. आणि गेल्या शनिवारी तर पुस्तकातलं हे पान भरलेलंच नव्हतं. खुर्चीचं आणखी काहीतरी दुसरीकडं लिहिलेलं होतं, जे मला सापडलं नव्हतं. मी घरी आलो आणि कपाटात, गादीखाली, ओट्याखालच्या डब्यांमागं बघितलं. नीला गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ‘काय शोधताय?’ ‘चष्मा,’ मी म्हटलं. चष्मा माझ्या नाकावर होता. ती चिमटे लावत राहिली.

शनिवारी ती दहा वाजता गटाला गेली. मला पुरते दोन तास होते, तेव्हा मी पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं. आणि सतराव्या दिवशी थांबलो. प्रश्न आईबद्दलचा होता. तिनं आधी ‘आई ओरडायची’ लिहिलं होतं आणि मग खोडून ‘आई गप्प बसायची’ केलं होतं. हा बदल मी ज्या दिवशी झाला त्याच दिवशी टिपला होता. पण आता पाहतो तर त्या ओळीशेजारी, पानाच्या कडेला, उभी रेघ होती. सरळ, तीन ओळी उंचीची, वर-खाली टोकं बरोब्बर ओळीला भिडलेली. अशी रेघ ह्या इमारतीत एकच माणूस मारतो. पेन्सिल सवयीनं माझ्या कानावर असते, वाचताना हातात येते. मी ती मारलेली मला आठवतच नव्हती. पानं उलटली. विसाव्या दिवशी रेघ, एकविसाव्या दिवशी दोन, तेविसाव्या दिवशी खुर्चीपाशी एक. हातांनी आपलं काम केलं होतं आणि मला कळवलं नव्हतं. खोडरबर शोधायला उठलो आणि तेव्हा दिसलं की प्रत्येक रेघेशेजारी, अगदी बारीक, एकेक टिक आहे. पाहिलं, कळलं. खुर्चीपाशीही होती.

मला आमच्या कारखान्यातला मेकॅनिक कल्लाप्पा आठवला. मॅन्युअल तयार झालं की एक चाचणी असते. मेकॅनिक मॅन्युअल हातात घेऊन मोठ्यानं वाचतो आणि लिहिलंय तस्संच करतो. लिहिणाऱ्यानं शेजारी उभं राहायचं, पण तोंड उघडायचं नाही. तोंड उघडावं लागलं तर मॅन्युअल नापास. माझ्या पहिल्याच मॅन्युअलच्या वेळी कल्लाप्पा वाचत होता, ‘खालचे बूच उघडावे,’ आणि त्यानं उघडलं. तेल निवल्याखेरीज बूच उघडू नये ही सूचना मी पुढच्या पानावर घातली होती. मला ती माहीत होती, मी तिथंच उभा होतो, आणि नियम म्हणून गप्प राहिलो. मनगटावर तेल घेऊन तो ओरडलासुद्धा नाही. नळाखाली हात धरून म्हणाला, ‘मोदले हेळबेकित्तु, सर.’ आधी सांगायला हवं होतं. नंतर मी सगळ्या सूचना कृतीच्या आधी आणून ठेवल्या, आयुष्यभर, एकही चुकू दिली नाही. घरी आल्यावर नीलाला ही गोष्ट सांगितली होती, आणि गप्प उभं राहणं किती कठीण असतं तेही.

ती बाराला आली. मी पुस्तक तेविसाव्या दिवशी उघडं ठेवून गॅलरीत माझ्या खुर्चीत बसलो होतो. तिनं पाहिलं, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि येऊन आपल्या खुर्चीत बसली. मी म्हटलं, ‘टिका तू केल्यास.’

‘हो. टिक केल्याशिवाय पान पुढं जात नाही ना?’

‘कधी कळलं?’

‘आईच्या पानाला. दहा दिवस झाले.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही बोललात?’

खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं, त्याचा पीं पीं आवाज येत राहिला. मला रागवायचं होतं. पुस्तक माझं आहे, हे वाक्य तयार होतं. पण बाहेर आलं ते वेगळंच. ‘माझी खुर्ची का काढलीस, नीला?’

‘आधी नुसती परीक्षा म्हणून,’ ती म्हणाली. ‘तुम्ही ओळ न् ओळ बघता का ते पाहावं म्हटलं. सोमवारी दोन लिहिल्या, बुधवारी एक केली. गुरुवारी रेघ हजर.’ ती हसली, आणि मग हसणं थांबलं. ‘मग वाचून पाहिलं. तर बरं वाटलं हो. म्हणून राहू दिली.’

मी विचारलं, त्या सकाळी मी कुठं असतो. माझा आवाज मलाच म्हातारा वाटला.

‘ते अजून दिसलं नाही मला. दिसलं तर लिहीन.’

‘आणि जमनाबाई रडल्या ते?’

‘ते दुसऱ्या वहीत आहे. ती माझ्या पर्समध्ये असते, ओट्याखाली नसते.’ तिनं हात पुढं केला. ‘ऐकायचं असेल तर पेन्सिल द्या इकडं. आणि मध्ये बोलायचं नाही. कल्लाप्पाच्या वेळी उभे राहिलात तसं.’

मी कानावरची पेन्सिल काढून दिली. तिनं वही काढली आणि वाचायला लागली. तिचा आवाज सुरुवातीला पातळ होता, मग स्थिर झाला. एक बाई असते, तिचा नवरा पेन्शनच्या कामाला गेलेला असतो. गॅलरीत त्याची खुर्ची रिकामी असते. तीस वर्षांत घरं बदलली, खुर्च्या बदलल्या, पण ती कधी त्याच्या जागेवर बसलेली नसते. त्या दिवशी बसते. आणि तिला दिसतं की तिथून रस्ता दिसतच नाही. तिला वाटायचं तो रस्ता बघत बसतो. तिथून दिसतो तो ओटा. सरळ दारातून आत, गॅस, तिची पाठ, तिचे हात. प्रत्येक घरात त्यानं खुर्ची अशीच मांडलेली होती, हे तिला एकेक घर आठवून कळत जातं. वाचताना एका ठिकाणी एकच शब्द दोनदा आला, एका ठिकाणी काळ चुकला. मी दोन दोष मोजले, तिसरा मोजणार होतो, आणि मग मोजणं जमेना, कारण ती खरं वाचत होती. मी रस्ता कधीच पाहिला नव्हता. शेवटी तिनं वाचलं, ‘तो इतकी वर्षं आपल्याला पाहत होता की तपासत होता, ते तिला कळेना. ती उठली. त्याच्या बुडाचा खळगा वेतात तसाच होता.’

तिनं वही मिटली. कशी झालीय, असं तिनं विचारलं नाही. अठ्ठ्याऐंशी साली विचारलं होतं, कागद दोन्ही हातांत धरून, दारात उभी राहून. आज ती कठड्यापलीकडं बघत होती आणि तिला माझ्याकडून काहीच नको होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. लाजही वाटली, ती त्याहून जास्त. पाहत होतो, असं म्हणावंसं फार वाटलं. तोंडाशी आलं होतं. पण ते खरं आहे का, हे मी स्वतःला विचारलं आणि मला खात्रीनं सांगता येईना. तिची पोळी करपायला लागली की मी इथूनच सांगायचो. ती दमलेली दिसली तर ते मात्र कधी सांगितलेलं आठवत नाही. दिसत तर असणार. मी तिथंच बसलेलो होतो.

मी उठलो आणि माझी खुर्ची उचलली. वेताची खुर्ची हलकी असते, तरी दारात अडकली, आडवी करावी लागली. ‘कुठं नेताय?’ ती म्हणाली. ‘आत. टेबलापाशी.’ राहू द्या, असं ती म्हणेल म्हणून मी उंबऱ्यावर जरा थांबलो. ती म्हणाली नाही. खुर्ची मी डायनिंग टेबलाशी लावली, ओट्याकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड करून, माझी तारीख घातलेली वही पुढं ओढली आणि कानाकडं हात नेला. पेन्सिल तिच्याकडं होती. बाहेर पुस्तकाचं पान उलटलं. मग कागदावर घासल्याचा आवाज यायला लागला, थांबून थांबून. ती पुढं लिहीत होती की आधीचं खोडत होती, ते आवाजावरून कळत नव्हतं. मान वळवली असती तर दिसलं असतं. मी भिंतीकडं बघत बसलो.